'स्वच्छ' आणि 'कोरडे' : अर्धवाहक चकत्यांच्या पेटंटवादातील अर्थनिर्णय

१

अपील न्यायालयांचे निकाल भाषेच्या अभ्यासकाने वाचावेत, असे सहसा सुचवले जात नाही. वस्तुतः शब्दाचा अर्थ ठरताच कोणाचा तरी प्रत्यक्ष लाभ किंवा हानी होते, अशी स्थळे थोडी. न्यायालय हे त्यांपैकी प्रमुख होय. कोशकाराची चूक पुढील आवृत्तीत दुरुस्त होऊ शकते. न्यायाधीशाने लावलेला अर्थ मात्र त्याच दिवशी अमलात येतो, आणि पुढच्या वादांत आधार म्हणून पुन्हा पुन्हा पुढे केला जातो. अशा अर्थनिर्णयाची चिकित्सा करणे हे म्हणूनच केवळ विधिज्ञांचे काम राहत नाही.

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा या दृष्टीने विशेष लक्षणीय लेखनप्रकार आहे. शोधकर्त्याने आपली कृती लोकांसमोर उघड करावी आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने त्याला ठरावीक मुदतीपुरता अनन्य हक्क द्यावा, असा हा सौदा आहे. त्यामुळे पेटंटाच्या संहितेचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात कृतीचे वर्णन असते. ते वाचून त्या क्षेत्रातील जाणकाराला अवास्तव प्रयोग न करता ती कृती करता आली पाहिजे. या अटीला येथे 'कृतिबोध' म्हटले आहे. दुसऱ्या भागात हक्काची सीमा सांगणारी विधाने असतात. त्यांतील प्रत्येक विधान, कितीही लांबले तरी, एकाच वाक्यात बसवण्याचा संकेत अमेरिकेत पाळला जातो. त्यांना येथे 'हक्कवाक्ये' असे नाव दिले आहे. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० याच्या दहाव्या कलमातही वर्णन व हक्कवाक्ये ही दोन्ही अंगे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. वर्णन शिकवते, हक्कवाक्य कुंपण घालते. दोन्ही ठिकाणी शब्द तेच असतात, आणि अडचणीचा उगम नेमका येथेच होतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका वादमालिकेचा या अंगाने विचार केला आहे. वाद होता सिलिकॉनच्या चकत्या धुण्याचा आणि कोरड्या करण्याचा. इतक्या घरगुती वाटणाऱ्या दोन क्रियांवरून डेलावेअर येथील जिल्हा न्यायालयात आणि पुढे फेडरल सर्किट या अपील न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला. त्याच्या मुळाशी 'स्वच्छ' व 'कोरडे' या दोन विशेषणांचा स्वभाव होता, हे येथे दाखवायचे आहे.

२

प्रथम मूळ कृती समजून घेणे आवश्यक आहे. अर्धवाहक मंडले सिलिकॉनच्या पातळ चकतीवर थरांनी रचली जातात, आणि त्या रचनेत चकती अनेकदा धुवावी लागते. वेर्नर केर्न यांनी आर.सी.ए. कंपनीत १९६५ मध्ये बसवलेली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. तीत अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जलीय मिश्रणाने कण व सेंद्रिय मळ काढतात. हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने धातूंचे अंश काढतात. त्यानंतर अतिशुद्ध पाण्याने चकती विसळतात. या पाण्याची शुद्धता त्याच्या विद्युत्-रोधावरून मोजली जाते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला विशिष्ट रोध १८.२ मेगओहम-सेंटिमीटर ही त्याची जवळजवळ तात्त्विक मर्यादा होय.

एवढ्या शुद्ध पाण्याचाही थेंब चकतीवर राहून जागच्या जागी वाळला, तर डाग पडतो. हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने सिलिकॉनचा अंश त्या थेंबात विरघळतो आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतो. तेव्हा चकती कोरडी करण्यातील खरी अडचण पाणी घालवण्याची नाही. ते वाफ होऊन जाता कामा नये, ही खरी अडचण आहे.

जुन्या पद्धतीत चकत्या एका उघड्या हौदातून दुसऱ्या हौदात नेल्या जात. प्रत्येक वेळी त्या द्रव व हवा यांच्या सीमापृष्ठातून पार होत, आणि त्या पृष्ठावरचे कण त्यांना चिकटत. सी.एफ.एम. टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीने यावर निराळा उपाय योजला. चकत्या एका बंद पात्रात स्थिर ठेवायच्या, पात्र द्रवाने पूर्ण भरलेले राखायचे, आणि एका द्रवाने दुसऱ्याला पुढे ढकलत क्रमाने सर्व द्रव त्यांवरून वाहू द्यायचे. या 'पूर्णप्रवाही' कृतीची ४७,७८,५३२ व ४९,१७,१२३ या क्रमांकांची पेटंटे अनुक्रमे १९८८ व १९९० मध्ये मिळाली. कोरडे करण्याच्या कृतीचे ४९,११,७६१ क्रमांकाचे पेटंटही १९९० चेच. त्यात शेवटचे विसळण्याचे पाणी अल्कोहोलासारख्या द्रव्याच्या बाष्पाने ढकलून काढले जाते.

३

कोरडे करण्याचा वाद आधी घेणे सोयीचे होईल. या पेटंटाच्या पहिल्या हक्कवाक्याचा आशय असा : पृष्ठभाग विसळण्याच्या द्रवाच्या संपर्कात आणावेत, मग त्या द्रवाच्या जागी कोरडे करणारे बाष्प आणावे, हे करताना बाष्पाने द्रवाला पृष्ठभागावरून थेट हटवावे, आणि ते अशा गतीने की बदल पूर्ण झाल्यावर पृष्ठभागांवर द्रवाचे थेंब जवळजवळ मुळीच राहू नयेत.

१९९७ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयात या पेटंटावर दोन निर्णय झाले. यील्डअप इंटरनॅशनल या कंपनीच्या यंत्राने पेटंटाचा भंग होत नाही, असे न्यायालयाने पूर्ण सुनावणीवाचूनच ठरवले. स्टीग या जर्मन उद्योगसमूहातील कंपनीच्या बाबतीत मात्र ज्यूरीने भंग झाल्याचे मानून ३१ लाख डॉलर नुकसानभरपाई सांगितली. दोन्ही यंत्रे भिन्न होती. म्हणून निर्णय भिन्न आले यात विसंगतीच आहे असे म्हणता येत नाही. तथापि दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : 'थेट हटवणे' म्हणजे काय, आणि 'कोरडे करणे' या क्रियेत काय काय मावते?

येथे मराठीतील क्रियापदांची आठवण होणे स्वाभाविक आहे. इंग्रजीतील 'ड्राय' हे एकच क्रियापद जेथे चालते, तेथे मराठीत कामाच्या रीतीप्रमाणे शब्द बदलतो. अंगणात दोरीवर टाकलेले धोतर वाळते. त्यातील पाणी वाफ होऊन जाते. धुतलेले तांदूळ रोवळीत निथळतात. पाणी द्रवरूपानेच खाली उतरते. ताट फडक्याने पुसले जाते. पाणी दुसऱ्या वस्तूत शोषले जाते. या सर्वांचा शेवट 'कोरडे' या एकाच स्थितीत होऊ शकतो, पण वाटा तीन आहेत. 'कोरडे करणे' हा प्रयोग फळ सांगतो, वाट सांगत नाही. 'ड्राय' हे क्रियापदही तसेच फलवाचक आहे.

ही वाटणी ध्यानात घेतली म्हणजे उपर्युक्त हक्कवाक्याचे मर्म उलगडते. त्या वाक्यातील 'कोरडे करणे' हे मराठी जाणिवेने पाहता वाळवणे नव्हे; ते निथळवणे आहे, आणि तेही बाष्पाच्या दाबाखाली, थेंब मागे न ठेवणारे. पाणी द्रवरूपानेच गेले पाहिजे, कारण ते वाळले की डाग पडतो. शोधाचे सारे मूल्य या भेदात आहे. पण शीर्षकात व हक्कवाक्यात वापरलेले पद हा भेद दाखवीत नाही. म्हणून 'थेट हटवून' या क्रियाविशेषणात्मक तुकड्यावर सगळा भार पडला. स्टीगचे यंत्र मारांगोनी परिणामावर चालत असे. पृष्ठताणातील फरकामुळे द्रव कमी ताणाकडून अधिक ताणाकडे ओढला जातो, हा तो परिणाम. मद्याच्या पेल्याच्या कडेला दिसणाऱ्या थेंबांच्या संदर्भात जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले होते, आणि कार्लो मारांगोनी यांनी पाव्हिया येथे १८६५ च्या प्रबंधात त्याचा अभ्यास केला. चकत्या कोरड्या करण्यासाठी त्याचा उपयोग फिलिप्सच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. अशा यंत्रात पाण्याला बाष्प हटवते की पाणीच पाण्याला ओढून घेते, हा प्रश्न भौतिकीचा दिसतो. खरे पाहता 'हटवणे' या क्रियापदाचा कर्ता कोण, हा तो प्रश्न आहे.

पूर्वमीमांसेच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परिचित वाटेल. यज्ञासाठी भात कांडावे, असा विधी आहे. तूस काढण्याचे काम नखांनी सोलूनही साधता येते. मग कांडायलाच का सांगितले? मीमांसकांचे उत्तर असे की फळापर्यंत अनेक वाटा संभवत असताना विधी त्यांतील एक नेमून देतो. यालाच ते नियमविधी म्हणतात. कोरडे करण्याचे हक्कवाक्य याच जातीचे आहे. चकती कोरडी होणे हे फळ सर्वांचे आहे, त्यावर कोणाची मालकी नाही. एक नेमलेली वाट तेवढी पेटंटधारकाची. वाट सांगणारे शब्द ढिले वाचले तर फळावरच मालकी बसते, आणि अतिशय आवळून वाचले तर शोधकर्त्याच्या हाती काहीच उरत नाही.

४

पूर्णप्रवाही धुण्याचा वाद याहून अवघड आहे. सी.एफ.एम.चे पहिले व्यापारी यंत्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीकडे बसवण्यात आले होते. तेथील स्वच्छतेची अपेक्षा ते प्रारंभी पूर्ण करू शकले नाही. शोधकर्त्यांना दीर्घकाळ चाचण्या व फेरबदल करावे लागले. यील्डअपने या इतिहासावर बोट ठेवले : ज्यांनी पेटंट लिहिले, त्यांनाच वर्णनाप्रमाणे कृती साधण्यास इतके प्रयोग लागत असतील, तर इतरांना त्या वर्णनातून कृतिबोध कसा व्हावा? जिल्हा न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारून २००० मध्ये दोन्ही पेटंटे अवैध ठरवली. माहिती दडवल्याच्या आरोपावरून ती अंमलबजावणीस अपात्र असल्याचेही पुढे ठरवले.

अपील न्यायालयाने २००३ मध्ये हे दोन्ही निर्णय फिरवले. निकालपत्र न्यायमूर्ती रँडल रेडर यांचे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, एका ग्राहकाने मागितलेली स्वच्छता आणि पेटंटाने मागितलेली स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कवाक्यांत मळ किती प्रमाणात निघावा याचे बंधन नाही. तेव्हा अर्थपूर्ण म्हणता येईल अशी कोणतीही स्वच्छता झाली तरी कृती साधली, असे म्हटले पाहिजे. बाजारात यश मिळण्याइतकी परिपूर्णता कायदा मागत नाही.

भाषाशास्त्रात या मतभेदाला नेमके नाव आहे. विशेषणांच्या तरतमभावाचा विचार एडवर्ड सपीर यांनी १९४४ मध्ये केला होता. अलीकडे, २००५ मध्ये, ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईज मॅकनॅली यांनी मोजपट्टीला टोक असणारी आणि नसणारी असे विशेषणांचे भेद अधिक काटेकोरपणे मांडले. 'उंच' या शब्दाच्या मोजपट्टीला वरचे टोक नाही. म्हणून 'पूर्ण उंच माणूस' असे म्हणत नाहीत. 'स्वच्छ' व 'कोरडे' यांच्या मोजपट्टीला टोक आहे : मळाचा अभाव, ओलाव्याचा अभाव. म्हणूनच 'जवळजवळ कोरडे' हा प्रयोग सहज वाटतो आणि 'जवळजवळ ओले' हा खटकतो. उलट 'किंचित ओले' चालते, 'किंचित कोरडे' चालत नाही. कोरडे करण्याच्या हक्कवाक्यात 'थेंब जवळजवळ मुळीच राहू नयेत' असे लिहिता आले, ते या टोकामुळेच.

विशेषणापासून क्रियापद झाले की मात्र दुहेरी अर्थ निर्माण होतो. 'त्याने चकत्या साफ केल्या' याचा एक अर्थ, त्या टोकापर्यंत साफ झाल्या. दुसरा अर्थ, त्या पूर्वीपेक्षा अधिक साफ झाल्या. मराठीत पहिला अर्थ निःसंदिग्ध करायचा तर 'साफ करून टाकल्या' असे संयुक्त क्रियापद हाताशी असते, आणि दुसरा सुचवायचा तर 'थोड्या साफ केल्या' म्हणता येते. 'साफ करीत होता' एवढ्यावरून साफ झाल्याचे सिद्ध होत नाही, हेही उघड आहे. इंग्रजीतील 'क्लीनिंग' या नामरूपात यांपैकी कोणतीच खूण उरत नाही. जिल्हा न्यायालयाने त्याचा टोकाचा अर्थ घेतला आणि टोक कोठे हे ग्राहकाकडून ठरवून घेतले. अपील न्यायालयाने अधिकतेचा अर्थ घेतला.

५

या दोहोंत अपील न्यायालयाची भूमिका अधिक युक्त आहे, यात संशय नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची अपेक्षा पेटंटाच्या संहितेत कोठेही लिहिलेली नव्हती. संहितेबाहेरच्या एका वाचकाची गरज हा संहितेचा अर्थ मानला, तर प्रत्येक नव्या ग्राहकाबरोबर अर्थ बदलेल. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा या उद्योगात सतत वाढत आली आहे. आजच्या मापाने कालची कृती मोजली तर कोणतेच जुने वर्णन टिकणार नाही.

तथापि निकालातील 'अर्थपूर्ण' हे विशेषण चिकित्सेशिवाय सोडून देता येत नाही. स्वच्छतेला बंधन नाही असे म्हणून झाल्यावर ती 'अर्थपूर्ण' असावी, असे म्हणणे म्हणजे समोरच्या दाराने घालवलेले बंधन मागच्या दाराने आत घेणे होय. कोणाच्या दृष्टीने अर्थपूर्ण? धूळ बसलेली चकती नळाखाली धरली तरी ती पूर्वीपेक्षा स्वच्छ होते. पण कारखान्यात तिचा काडीचा उपयोग नसतो. न्यायालयाला हे अभिप्रेत नव्हते, हे स्पष्ट आहे. म्हणजे काही एक किमान पातळी त्याच्या मनात होती. ती कोठून आली, हे मात्र निकाल सांगत नाही.

ती संहितेतूनच दाखवता आली असती. भात कांडण्याच्या विधीत किती घाव घालावेत हे सांगितलेले नाही. तरी मीमांसकांनी एका घावाने विधी पुरा झाला असे मानले नाही. तूस निघून तांदूळ हाती येईपर्यंत कांडत राहावे, असे त्यांनी ठरवले, कारण त्या क्रियेचे फळ दृष्ट आहे आणि ते विधीच्या प्रयोजनातून कळते. क्रियेची मर्यादा शब्दाने सांगितली नसेल तेव्हा प्रयोजन ती सांगते. आणि प्रयोजन कर्त्याच्या किंवा ग्राहकाच्या लहरीतून न घेता वाक्याच्या प्रकरणातून घ्यावे लागते. प्रस्तुत पेटंटांचे प्रकरण उघड आहे : उघड्या हौदांत चकत्या हलवताना सीमापृष्ठावर जे कण चिकटतात ते टाळणे. तेव्हा 'अर्थपूर्ण स्वच्छता' म्हणजे उघड्या हौदांच्या रीतीने येणारा तो दोष प्रत्यक्ष कमी करणारी स्वच्छता. ही पातळी तुलनात्मक आहे, आकडा मागत नाही, काळाबरोबर जुनी होत नाही, आणि संहितेतूनच निघते. जिल्हा न्यायालयाने मर्यादा बाहेरून आणली. अपील न्यायालयाने ती गृहीत धरली. प्रकरणातून ती काढण्याचे काम दोघांनीही केले नाही.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा मुद्दा नव्हे. जो शब्द कृतिबोधाच्या वेळी थोडक्यात संतुष्ट होतो, तोच हक्काची सीमा आखताना विस्तीर्ण होतो. कोणतीही स्वच्छता पुरेशी असेल, तर बंद व भरलेल्या पात्रात ती कोणत्याही प्रमाणात साधणारा प्रत्येक स्पर्धक कुंपणाच्या आत सापडतो. आणि त्याच न्यायाने पूर्वी कोणी तशी थोडी स्वच्छता साधली असेल, तर पेटंटाचे नावीन्यही धोक्यात येते. शब्दाला जी पातळी एका प्रश्नात दिली, ती सर्व प्रश्नांत पाळली पाहिजे. हक्कवाक्य हे मेणाच्या नाकासारखे हवे तसे वळवता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्येच बजावले होते. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये ॲम्जेन विरुद्ध सनोफी या प्रतिपिंडांविषयीच्या खटल्यात सांगितले की जितका अधिक हक्क मागावा, तितके अधिक शिकवावे लागते. २००३ च्या निकालात 'स्वच्छता' सैल करताना या जोडणीचा उच्चार असता, तर तो निकाल अधिक भक्कम झाला असता.

६

अर्थनिर्णयाचे साधन कोणते, याविषयीही याच काळात फेडरल सर्किटमध्ये मंथन चालू होते. हक्कवाक्याचा अर्थ ठरवणे हे ज्यूरीचे नसून न्यायाधीशाचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मार्कमन खटल्यात ठरवले. त्यानंतर २००२ मध्ये टेक्सास डिजिटल खटल्यात फेडरल सर्किटने शब्दकोशाला अग्रस्थान दिले. २००५ मध्ये फिलिप्स विरुद्ध ए.डब्ल्यू.एच. या खटल्यात पूर्णपीठाने ते काढून घेतले आणि पेटंटातील वर्णनाकडे आधी पाहावे असे सांगितले. प्रस्तुत वाद या पालटाची आवश्यकता चांगली पटवतो. 'क्लीन' व 'ड्राय' हे शब्द कोशात पाहून काहीच साधत नाही. इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही ते ठाऊक आहेत. कोश मोजपट्टी दाखवू शकतो. तिच्यावरची खूण कोठे करायची ते प्रकरणच सांगते.

दरम्यान वादी-प्रतिवादींची स्थिती पालटली होती. यील्डअपला एफ.एस.आय. इंटरनॅशनलने १९९९ मध्ये विकत घेतले. सी.एफ.एम. आणि स्टीगचा अर्धवाहक विभाग ही दोन्ही २००१ च्या प्रारंभी मॅटसन टेक्नॉलॉजीच्या छत्राखाली आली. ज्यूरीसमोर परस्परांविरुद्ध उभे राहिलेले दोन पक्ष एकाच घरात नांदू लागले. यंत्रे बदलली, कंपन्यांची नावे बदलली. वाक्यांना दिलेले अर्थ मात्र राहिले, आणि २००३ च्या निकालाचा आधार धुण्या-विसळण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या वादांत घेतला गेला.

पेटंटाचा खरा वाचक न्यायाधीश नव्हे. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात नवे यंत्र बांधू पाहणारा अभियंता हा तो वाचक होय. आपण कुंपणाच्या आत आहोत की बाहेर, हे त्याला खटल्यापूर्वी, केवळ संहिता वाचून कळले पाहिजे. खटल्यानंतर कळण्याची किंमत लाखो डॉलर असते. त्याच्या हाती शब्दांवाचून दुसरे साधन नाही. तरतमवाचक शब्द लिहिताना त्याची मोजपट्टी व खूण संहितेत ठेवणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य, आणि ती संहितेतच शोधून स्पष्ट शब्दांत नोंदवणे हे निर्णय देणाऱ्याचे. २००३ च्या निकालाने चुकीची खूण पुसली, हे योग्यच झाले. योग्य खूण करण्याचे काम त्याने पुढच्यांवर सोडले.